सुट्टीचा परिणाम ‘ओसरतो’ म्हणजे नक्की काय होतं? : एका जुन्या पेपरचं वाचन

कामाचा ताण आणि त्यातून सावरणं या विषयावरचे संशोधन-आराखडे वाचले तर एकच साचा पुन्हा पुन्हा दिसतो. आधी प्रश्नावली, मग योगवर्ग किंवा ध्यान किंवा कार्यशाळा, मग पुन्हा तीच प्रश्नावली. दोन सरासऱ्या, एक टी-टेस्ट, आणि शेवटी वाक्य : ‘उपक्रमामुळे ताणात लक्षणीय घट झाली.’ पेट पास झालेल्या आणि आता सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मंडळींना हा साचा सोपा वाटतो, आणि समितीसमोर तो बऱ्याचदा खपूनही जातो. पण ‘सावरणं’ हा शब्द शीर्षकात असेल तर हा साचा पुरत नाही. का पुरत नाही, हे बघायला आज आपण एक जुना पण अजूनही सतत उल्लेखला जाणारा पेपर घेऊ. त्याचं कौतुकही करायचं आहे आणि त्याच्याशी भांडायचंही आहे.

पेपर आहे मीना वेस्टमन आणि डोव्ह ईडन या दोन इस्रायली संशोधकांचा. १९९७ साली तो ‘जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’मध्ये आला. प्रश्न साधा : सुट्टी घेतल्यावर बर्नआऊट कमी होतो का, आणि झाला तर किती दिवस टिकतो? नमुना ७६ कारकुनांचा. आजच्या मानानं लहानच. पण या ७६ जणांना त्यांनी एकूण पाच वेळा मोजलं : सुट्टीआधी दोनदा, सुट्टी चालू असताना एकदा, कामावर परतल्यावर तीन दिवसांनी एकदा आणि तीन आठवड्यांनी एकदा.

निकाल असा : सुट्टीत बर्नआऊट खाली आला. परतल्यावर तीन दिवसांत तो जुन्या पातळीच्या दिशेनं अर्धामुर्धा वर चढला होता. तीन आठवड्यांनी तो पूर्णपणे जुन्या जागी होता. या परत चढण्याला त्यांनी सुट्टीचा परिणाम ‘ओसरणं’ म्हटलं, आणि पुढे या क्षेत्रात तो शब्द रुळला.

आता एक गंमत करून बघा. हीच माणसं, हाच बर्नआऊट, पण समजा संशोधकांकडे दोनच मोजमापांपुरते पैसे आणि वेळ होता. एक सुट्टीआधी आणि एक सुट्टीत घेतलं असतं, तर निष्कर्ष आला असता ‘सुट्टी गुणकारी आहे’. दुसरं मोजमाप परतल्यावर तीन दिवसांनी घेतलं असतं, तर ‘सुट्टीचा थोडासा फायदा होतो’. तीन आठवड्यांनी घेतलं असतं, तर ‘सुट्टीचा काहीही परिणाम नाही’. एकाच वस्तुस्थितीतून तीन वेगवेगळे प्रबंध! आणि तिन्हींमध्ये आकडेमोड बरोबर. फरक फक्त दुसरी प्रश्नावली कॅलेंडरवर कुठे ठेवली एवढाच.

माझ्या मते या पेपरचं खरं योगदान हे आहे. सावरणं ही एका क्षणी असणारी गोष्ट नाही, ती वेळेत घडते. तिला उतार असतो, तळ असतो, परत चढ असतो. ‘कधी मोजायचं’ हा प्रश्न म्हणूनच हॉल कधी मिळतो किंवा मॅनेजर कधी परवानगी देतो यावर सोडता येत नाही. मोजमापाची वेळ ठरवताना तुम्ही नकळत एक परिकल्पना मांडत असता : परिणाम एवढ्या दिवसांत दिसेल आणि एवढ्या दिवसांत जाईल. ती परिकल्पना आराखड्यात उघडपणे लिहायला हवी.

सुट्टीआधी दोनदा मोजलं, हेही नीट लक्षात घ्या. एकदाच मोजलं असतं तर एक मोठी शंका राहिली असती. सुट्टीच्या आदले काही दिवस कसे असतात ते आपल्याला माहीत आहे : हातातली कामं उरका, दुसऱ्याला समजावून द्या, घरी बॅगा भरा. त्या दिवशीचा आकडा ‘मूळ पातळी’ धरला तर नंतरची घट उगाच मोठी दिसते, कारण आपण तुलना शिखराशी करतो. दोन मोजमापं असली की निदान कळतं की सुट्टीच्या आधी पातळी स्थिर होती की चढत होती.

इथपर्यंत कौतुक. आता भांडण.

पेपरमधला एक निष्कर्ष खूप उद्धृत होतो. स्त्रियांना आणि सुट्टीवर समाधानी असलेल्यांना सगळ्यात जास्त दिलासा मिळाला, पण त्यांचाच दिलासा सगळ्यात वेगानं ओसरला. वाचताना हे फार अर्थपूर्ण वाटतं. लगेच मनात स्पष्टीकरणं सुरू होतात : बायकांना घरी परतल्यावर दुहेरी काम असतं, छान सुट्टीनंतर ऑफिस जास्त बोचतं, वगैरे. कदाचित खरंही असेल. पण आधी साधं अंकगणित करू.

समजा (हे आकडे माझे, समजण्यापुरते) ‘अ’ गटाचा बर्नआऊट सुट्टीत ४ गुणांनी खाली आला आणि ‘ब’ गटाचा २ गुणांनी. तीन आठवड्यांनी दोन्ही गट आपापल्या जुन्या पातळीवर पोचले. मग ‘अ’ गटानं तीन आठवड्यांत ४ गुण चढले, ‘ब’ गटानं २. म्हणजे ‘अ’चा चढ दुप्पट वेगाचा. यात मानसशास्त्र कुठे आलं? विहिरीत जो जास्त खोल उतरला त्याला काठावर यायला जास्त पायऱ्या चढाव्या लागल्या, आणि दोघांना वेळ सारखाच होता. पेपर स्वतःच सांगतो की परिणाम सगळ्याच उपगटांमध्ये पूर्णपणे ओसरला. सगळेच मूळ पातळीला परत येणार असतील, तर जास्त खाली गेलेला गट जास्त वेगानं वर येणार हे जवळजवळ ठरलेलं आहे. त्यात मोजमापातल्या चुकीची भर घाला : सुट्टीतल्या त्या एका दिवशी योगायोगानं फार कमी गुण पडलेली व्यक्ती पुढच्या वेळी सरासरीकडे सरकणारच. म्हणून ‘जास्त दिलासा, जास्त वेगानं ओसर’ ही वेगळी शोधलेली गोष्ट मानायची असेल, तर ‘मिळालेल्या दिलाशापैकी किती टक्के पहिल्या तीन दिवसांत गेला’ असं काहीतरी मोजायला हवं. नुसता गुणांतला फरक पुरत नाही. तुमच्या प्रबंधात उपगट असतील तर ही कसोटी लावून बघा.

दुसरा आक्षेप सरासरीचा. सरासरीचा आलेख खाली जाऊन वर आला, म्हणजे प्रत्येक माणूस खाली जाऊन वर आला असं होत नाही. पुन्हा समजण्यापुरतं उदाहरण : चार जण. एक सुट्टीत सुधारला आणि सुधारलेलाच राहिला. दुसरा सुधारला आणि परतल्यावर आधीपेक्षा वाईट झाला. तिसरा आणि चौथा जागचे हलले नाहीत. यांची सरासरी काढा : सुट्टीत उतार, नंतर जुनी पातळी. हुबेहूब ‘ओसरण्याचा’ आलेख. पण तसा प्रवास चौघांपैकी एकाचाही नाही! संशोधक म्हणून सगळ्यात जास्त रस त्या पहिल्या माणसात असायला हवा (याचा फायदा टिकला कसा?) आणि सगळ्यात जास्त काळजी दुसऱ्याची. सरासरीनं दोघांना एकमेकांत जिरवून टाकलं. म्हणून पाच मोजमापं असतील तर आधी प्रत्येक व्यक्तीची रेघ स्वतंत्र काढून बघा. साठ-सत्तर रेघा कागदावर बघायला एक दुपार लागते. एसपीएसएसला डेटा देण्याआधी ती दुपार खर्च करा.

तिसरा मुद्दा या पेपरपेक्षा त्याची नक्कल करणाऱ्यांना जास्त लागू आहे. मोजण्याचं साधन आणि मोजण्याचं अंतर जुळलं पाहिजे. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ची ‘पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल’ आपल्याकडे सर्रास वापरतात. ती विचारते ‘गेल्या महिन्याभरात’ असं किती वेळा वाटलं. आता समजा दोन आठवड्यांची सुट्टी झाली आणि परतल्यावर तीन दिवसांनी तुम्ही ही प्रश्नावली दिली. उत्तर देणाऱ्याच्या ‘महिन्याभरात’ काय काय आलं? कामाचे तीन दिवस, सुट्टीचे चौदा, आणि सुट्टीआधीचे साधारण तेरा. तिन्ही काळ एका आकड्यात कालवले गेले. आणि सुट्टीच्या आठव्या दिवशी दिली असती तर? त्या महिन्यात तीन आठवड्यांहून जास्त कामाचे दिवस आले असते. म्हणजे माणूस प्रामाणिकपणे उत्तर देत असेल तर सुट्टीत ताण जास्त आणि परतल्यावर कमी दिसेल! परिणाम खरा असेल तेव्हा दिसणार नाही, आणि ओसरल्यावर दिसेल.

मास्लाक बर्नआऊट इन्व्हेंटरीचंही तेच. तिची उत्तरश्रेणी ‘कधीच नाही’पासून ‘रोज’पर्यंत जाते आणि मध्ये ‘वर्षातून काही वेळा’, ‘महिन्यातून काही वेळा’ असे पर्याय येतात. वर्षाच्या मापानं तीन दिवसांतला बदल मोजणं म्हणजे किराणा दुकानातल्या काट्यावर सोनं तोलणं. साधन वाईट नाही, ते या कामासाठी नाही. ‘प्रमाणित प्रश्नावली वापरली’ हे वाक्य आपण ढालीसारखं पुढे करतो. ती कुठल्या कालावधीबद्दल विचारते, हा प्रश्न व्हायवात कोणी विचारला नाही तरी स्वतःला विचारायला हवा.

मोजणीचं अंतर किती फसवू शकतं याचं आणखी एक उदाहरण. जेसिका द ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये नेदरलँड्समधल्या ५४ कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. सुट्ट्या लांब होत्या, सरासरी २३ दिवसांच्या. सुट्टी चालू असतानाही लोकांना अनेकदा गाठलं होतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. त्यांना दिसलं की आरोग्य आणि बरं वाटण्याची पातळी आठव्या दिवशी सगळ्यात वर होती, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात जुन्या जागी आली. यावरून ‘आदर्श सुट्टी आठ दिवसांची’ असा सल्ला आजही फिरत असतो. पण सुट्टीतली मोजमापं रोजची नव्हती, काही दिवसांच्या अंतरानं घेतली होती. अशा मांडणीत शिखर मोजलेल्या दिवसांपैकीच एखाद्यावर सापडणार. खरं शिखर आजूबाजूच्या न मोजलेल्या दिवशीही असू शकतं. शिवाय ‘आठव्या दिवशी सगळ्यात बरं वाटलं’ यातून ‘आठव्या दिवशी घरी परता’ हे निघत नाही. लांब सुट्टीतला आठवा दिवस आणि आठ दिवसांच्या सुट्टीतला आठवा दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात पुढे बरेच दिवस मोकळे असतात, दुसऱ्यात उद्या सकाळी पंचिंग असतं. त्याच पेपरमध्ये सुट्टीच्या लांबीचा परिणामाशी संबंध क्षीण निघाला होता, हे मात्र सल्ला देणारे सांगत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं भांडण, आणि ते शब्दाशी आहे. ‘सुट्टीचा परिणाम ओसरला’ असं म्हटलं की कमी पडली ती सुट्टी. किंवा माणूस : त्याला नीट विश्रांती घेता आली नाही. पण तोच आलेख उलटा वाचा. काम थांबलं तेव्हा थकवा उतरला. काम तसंच्या तसं सुरू झालं तेव्हा थकवा परत चढला. तीन आठवडे पुरले. हा सुट्टीबद्दलचा पुरावा आहे की कामाबद्दलचा?

थिओ मायमन आणि गिजबर्टस मुल्डर यांनी १९९८मध्ये मांडलेल्या ‘प्रयत्न आणि सावरणं’ या प्रारूपाचा गाभा असाच आहे : कामाचा भार शरीर-मनावर प्रतिक्रिया उमटवतो, भार थांबला की त्या प्रतिक्रिया मागे फिरतात. मागे फिरायला वेळ मिळाला नाही तर त्या साचत जातात. ब्रूस मॅकएवन यांनी त्याच वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये शरीराच्या बाजूनं हेच मांडलं. ताण आल्यावर शरीरानं जागं होणं हे काही दुखणं नव्हे. झीज होते ती ताण पुन्हा पुन्हा येण्यानं, त्याच त्या ताणाची सवय न होण्यानं, किंवा ताण गेल्यावरही प्रतिक्रिया वेळेवर बंद न पडण्यानं. म्हणजे नियमन बिघडलं की नाही हे ताणाच्या उंचीपेक्षा त्याच्या कालावधीत दिसतं. या नजरेनं पाहिलं तर वेस्टमन आणि ईडन यांचे कारकून नियमन बिघडलेले मुळीच दिसत नाहीत. भार गेला, ते उतरले. भार आला, ते चढले. त्यांची यंत्रणा ठीक चालली होती. न बदललेली गोष्ट टेबलावर होती.

लेखकांना याची कल्पना नव्हती असं नाही. चर्चेच्या भागात ते कार्यालयातल्या सामायिक वातावरणाकडे आणि काम सुटसुटीत करण्याकडे बोट दाखवतात. पण उद्धृत काय होतं? ‘सुट्टीचा परिणाम तीन आठवड्यांत जातो.’ मग त्यावर उपाय म्हणून कर्मचाऱ्यांना विश्रांती कशी घ्यावी याचं प्रशिक्षण. जर्मन संशोधक झाबीने झोनेनटाग यांनी २०१८मध्ये दाखवलेला विरोधाभास इथे आठवावा : कामाचा ताण जितका जास्त तितकी सावरण्याची गरज जास्त, आणि नेमकं तेव्हाच सावरणं सगळ्यात अवघड जातं. ज्याला कामापासून मनानं सुटताच येत नाही त्याला ‘मनानं सुटा’ असं शिकवून फार काही हाती लागत नाही.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर इथे पातळीचा गोंधळ आहे. माणसाचं सावरणं आणि कामाच्या जागेचं सावरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका कार्यालयातले ७६ जण मोजले तर माणसं ७६, पण कार्यालय एकच. त्यातून कार्यालयाबद्दल बोलायचं असेल तर कार्यालयातलं काहीतरी मोजलं पाहिजे : कामाचा साठा, रिकाम्या जागा, सुट्टीवर गेलेल्याचं काम कोण करतं, परतल्यावर किती थकलेल्या फायली वाट बघत असतात. ही नोंद माणसांच्या नोंदीच्या शेजारी, त्याच तारखांना हवी. नाहीतर कामाच्या जागेवरचा प्रत्येक दोष शेवटी कर्मचाऱ्याच्या खात्यात जमा होतो.

हे सगळं करायला परदेशी प्रयोगशाळा लागत नाही. महाराष्ट्रातल्या शाळांचंच बघा. उन्हाळी सुट्टीनंतर राज्यातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भातल्या शाळा मात्र उन्हामुळे त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी. म्हणजे काही दिवस असे येतात की साताऱ्यातले शिक्षक वर्गावर आहेत आणि त्याच शासनाचे, त्याच वेतनश्रेणीतले वर्ध्यातले शिक्षक अजून सुट्टीवर. वेस्टमन-ईडन यांचा युक्तिवाद मुख्यतः त्याच माणसांच्या आधीच्या-नंतरच्या तुलनेवर उभा होता. इथे शेजारी एक तुलना-गट आयता मिळतो. साताऱ्यात पातळी चढली आणि वर्ध्यात त्याच तारखेला चढली नाही, मग शाळा उघडल्यावर चढली, तर ‘परतण्यामुळे चढली’ हे म्हणायला बरंच बळ येतं.

अर्थात हरकती आहेतच. दोन्हीकडचं ऊन वेगळं, पाऊस वेगवेगळ्या तारखांना येणार. शिक्षकांची सुट्टी खरंच सुट्टी असते का, हाही प्रश्न आहे : निवडणूक, प्रशिक्षण, प्रवेशाची कामं. म्हणून सुट्टीतले प्रत्यक्ष मोकळे दिवस विचारून नोंदवावे लागतील. आणि कामाच्या जागेच्या रकान्यात वर्गातली पटसंख्या, मंजूर आणि भरलेली पदं, ऑनलाइन माहिती भरण्याची कामं हे सगळं यावं लागेल. गाइड म्हणतील, फार होतंय. मग नमुना कमी करा, मोजमापं कमी करू नका. तीनशे शिक्षकांना दोनदा विचारण्यापेक्षा साठ शिक्षकांना पाच-सहा वेळा, छोट्या प्रश्नावलीनं आणि ‘आज’ किंवा ‘गेले तीन दिवस’ असं विचारून गाठलं तर सावरण्याबद्दल जास्त कळेल. मध्येच गळणारे गळतील. ते कोण आणि कुठल्या टप्प्यावर गळले, हेही लिहून ठेवा. सगळ्यात थकलेलेच आधी उत्तर देणं बंद करत असतील, तर उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारलेली दिसेल.

सिनॉप्सिसमध्ये हे मावेल का? मावेल, आणि फार जागाही लागणार नाही. साधनांच्या तक्त्याच्या खाली आणखी एक तक्ता द्या : कुठल्या तारखेला मोजणार, तीच तारीख का, आणि त्या तारखेला तुमच्या परिकल्पनेप्रमाणे आकडा वर असेल की खाली. हा तक्ता भरताना हात अडखळला तर समजा, सावरण्याबद्दलची परिकल्पना अजून तयार झालेली नाही. मग प्रश्नावल्या छापायला टाकण्याआधी गाइडसोबत पुन्हा एकदा बसा.